जुना अँप्लिफायर, स्पीकर आणि डेक : दुरुस्त करावेत की नवे घ्यावेत?

किनारा (धागाकर्ता)

वडिलांनी १९८० च्या दशकात हळूहळू जमवलेला संगीतसंच आमच्या रत्नागिरीच्या घरी आहे. त्याचे पुढे काय करावे याविषयी जाणकारांचा सल्ला हवा आहे. संचात भारतीय बनावटीचा ट्रान्झिस्टरचा स्टीरिओ अँप्लिफायर, आठ इंची व्हूफर (खर्जाचा मोठा स्पीकर) असलेले लाकडी पेटीतले दोन स्पीकर, एक कॅसेट डेक, पट्ट्यावर चालणारा रेकॉर्ड प्लेअर आणि १९९० च्या दशकात घेतलेला सीडी प्लेअर एवढ्या वस्तू आहेत.

अँप्लिफायर सुरू होतो, पण व्हॉल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकरांतून घुमल्यासारखा सलग आवाज येत राहतो. डावी बाजू मधूनच बंद पडते आणि सिलेक्टरचे (रेकॉर्ड, कॅसेट की सीडी हे निवडण्याचे) बटण थोडे हलवले की परत येते. दोन्ही व्हूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होऊन पडतो. डेकच्या मोटरचा आवाज येतो, पण चक्रे फिरत नाहीत. रेकॉर्ड प्लेअर वाजतो, मात्र सूर किंचित उतरलेला आणि लहरणारा वाटतो. सीडी प्लेअर तबकडी आत घेतो, थोडा वेळ शोधाशोध करतो आणि तबकडीच नसल्याचे दाखवतो.

घरच्यांचे म्हणणे असे, की हे सारे काढून टाकून टीव्हीखाली एक साउंडबार ठेवावा. शहरातल्या दुकानदाराने काहीही न उघडता ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत’ असे सांगितले. रेडिओ-टीव्हीची कामे करणारे एक जुने कारागीर अँप्लिफायर पाहायला तयार आहेत, पण उघडल्याशिवाय खर्च सांगता येणार नाही असे ते म्हणतात, आणि ते रास्तच आहे. माझी खरी काळजी कॅसेटींची आहे. बाजारातून घेतलेल्या कॅसेटी बऱ्याच आहेत. परंतु गावच्या देवळातल्या हरिनाम सप्ताहाची भजने आणि आजोबांची कीर्तने वडिलांनी स्वतः ध्वनिमुद्रित केली होती आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. कोणत्या वस्तूवर खर्च करावा आणि कोणती सोडून द्यावी, हे ठरवण्याचा काही निकष आहे का?

तांब्याची_तार

निकष आहे, पण तो संपूर्ण संचाला एकदम लावता येत नाही. प्रत्येक वस्तूबाबत दोन प्रश्न विचारावेत. तिच्यातला नेमका कोणता भाग झिजला आहे, आणि तो भाग मूळ कंपनीखेरीज इतर कोणी आजही बनवते का? कॅपॅसिटर, रेझिस्टर, साधे ट्रान्झिस्टर, रबरी पट्टे, फोमच्या रिंगा या गोष्टी कोणा एका कंपनीच्या मालकीच्या नसतात. त्या ठरावीक मापांत सर्वत्र मिळतात, म्हणून त्या बिघडल्या तर वस्तू दुरुस्त करावी. याउलट बिघाड एखाद्या खास आयसीत (अनेक भाग एकत्र असलेल्या चिपमध्ये), कंपनीने स्वतःच घडवलेल्या प्लास्टिकच्या दातेरी चक्रात किंवा सीडी वाचणाऱ्या लेझर पिकअपमध्ये असेल आणि तो भाग बंद झालेला असेल, तर चांगला कारागीरही हतबल होतो. ‘पार्ट मिळत नाहीत’ हे दुकानदाराचे वाक्य म्हणूनच अपुरे आहे. कोणता पार्ट मिळत नाही, ते सांगितले पाहिजे.

तुमच्या अँप्लिफायरच्या लक्षणांवरून मला बरीच आशा वाटते. त्या काळच्या भारतीय अँप्लिफायरांत मोठा लोखंडी ट्रान्सफॉर्मर, एसीची डीसी करणारा डायोडचा ब्रिज, दोन-चार जाडजूड इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर आणि शेवटच्या टप्प्यात बहुधा २एन३०५५ जातीचे धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर असत. ट्रान्सफॉर्मर जळलेला नसेल तर तो आपल्यापेक्षा अधिक जगतो. वय होते ते कॅपॅसिटरांचे, कारण त्यांच्या आतला द्रव पदार्थ हळूहळू वाळत जातो. त्यांच्यावर ८५ अंश किंवा १०५ अंश असे तापमान छापलेले असते आणि त्या तापमानाला ते साधारण दोन हजार तासांसारखी ठरावीक मुदत टिकतील असे निर्माता सांगतो. तापमान दहा अंशांनी कमी झाले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. म्हणूनच बंद कपाटात कोंडून चालवलेला अँप्लिफायर लवकर थकतो.

व्हॉल्यूम शून्यावर असतानाही घुमणारा आवाज कायम राहतो, याचा अर्थ तो व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातून किंवा वीजपुरवठ्यातून येत आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे ब्रिजनंतर उरणारी लहर १०० हर्ट्झची असते आणि ती गाळण्याचे काम त्या जाड कॅपॅसिटरांचे असते. दोन्ही बाजूंना सारखाच आवाज येत असल्याने पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा. डावी बाजू बटण हलवल्यावर परत येते, म्हणजे ट्रान्झिस्टर गेलेला नसून सिलेक्टरच्या आतले संपर्क गंजलेले असण्याचा संभव अधिक आहे. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत हे होणारच. तेथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण बऱ्याच वेळा फिरवले की काम भागते. मात्र दारे-कुलपांना वापरायचा तेलकट फवारा तेथे मारू नये, कारण त्याच्या थरावर धूळ चिकटून थोड्याच काळात खरखर परत येते.

एक सूचना आवर्जून करतो. कारागिरांनी पाहीपर्यंत हा अँप्लिफायर थेट विजेवर लावू नका. पहिल्यांदा सुरू करताना ६० किंवा १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे अँप्लिफायरची वीज बल्बमधूनच जाईल असा, जोडायला सांगा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तो प्रखर जळतच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बमुळे ट्रान्सफॉर्मर वाचला आहे. त्यानंतर स्पीकर न जोडता स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते काही दहा मिलिव्होल्टपर्यंत असेल तर चिंता नाही. एक-दोन व्होल्ट दिसले, तर स्पीकर जोडताच व्हॉइस कॉइल (स्पीकरचा कोन हलवणारे तारेचे वेटोळे) तापू लागेल. काही जुन्या रचनांमध्ये आउटपुट आणि स्पीकर यांच्यामध्येही एक मोठा कॅपॅसिटर असतो. तो डीसी अडवतो, पण तो वाळला की खर्जाचा आवाज पातळ होतो, म्हणून तोही बदलून घ्यावा.

सुटसुटीत

मी वेगळे मत मांडतो, कारण या चर्चेत दुरुस्तीच्या बाजूने बोलणारेच अधिक जमतील. वर सांगितलेले सर्व तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, परंतु ते करणारा माणूस प्रत्येक गावात उरलेला नाही. कॅपॅसिटर स्वस्त असतो. महाग असतो तो माणसाचा वेळ, आणि हा संच एकदा दुरुस्त झाल्यावर पुढच्या वर्षी दुसरा भाग बिघडणार नाही याची हमी कोणी देत नाही. चाळीस वर्षांच्या यंत्रातले सगळेच भाग चाळीस वर्षांचे असतात.

आज क्लास-डी पद्धतीचा (ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून आवाज वाढवणारा) लहानसा अँप्लिफायर हाताच्या पंजाएवढा असतो. तो फारसा तापत नाही, नुसता चालू ठेवला तर जुन्या अँप्लिफायरच्या तुलनेत फार कमी वीज घेतो, त्याला फोनवरून ब्लूटूथने गाणे पाठवता येते आणि त्याला वॉरंटी असते. घरातली तरुण मंडळी संच वापरणार असतील तर त्यांना पाच बटणे आणि तीन वायरी सांभाळायला लावण्यात अर्थ नाही. कॅसेटींचे ध्वनिमुद्रण एकदा संगणकावर उतरवले की डेकचीही गरज संपते. विजेचा धोकाही गंभीरपणे घ्यावा. त्या काळच्या कित्येक यंत्रांना दोन पिनांची वायर आहे, अर्थिंग नाही, आणि वायरीचे आवरण कडक होऊन तडकलेले असते.

तांब्याची_तार

वायरीचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. दुरुस्तीत मुख्य वायर, फ्यूज आणि स्विच हे तिन्ही तपासलेच पाहिजेत, आणि फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार गुंडाळलेली असेल तर ती सर्वप्रथम काढावी. क्लास-डीविषयीही माझा आक्षेप नाही; त्यांपैकी चांगले अँप्लिफायर खरोखर चांगले वाजतात. पण ते बिघडले की सहसा संपूर्ण बोर्डच बदलावा लागतो, आणि स्वस्त अँप्लिफायरच्या बाबतीत अनेकदा अँप्लिफायरच्या आधी त्याच्यासोबत आलेला अडॅप्टर दगा देतो. नवे घेणे म्हणजे दुरुस्तीच्या प्रश्नातून कायमची सुटका, असे मला वाटत नाही.

साउंडबारबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. त्यातले डावे-उजवे स्पीकर एकमेकांपासून जेमतेम हातभर अंतरावर असतात. बातम्या आणि मालिका त्यावर उत्तम ऐकू येतील. गायक मध्ये, तबला एका अंगाला आणि पेटी दुसऱ्या अंगाला अशी मांडणी ऐकायची असेल, तर दोन मीटर अंतरावर ठेवलेल्या दोन स्वतंत्र स्पीकरांची जागा तो घेऊ शकत नाही. म्हणून मधला मार्ग सुचवतो. कारागिरांचा अंदाज पटला नाही तर अँप्लिफायर नवा घ्यावा, पण स्पीकर राखावेत. लाकडी पेटी, जड चुंबक आणि धडधाकट कोन या गोष्टी आज त्याच किमतीत मिळणे कठीण आहे.

मांडवीकाठ

स्पीकरांविषयी मी लिहिते, कारण आमच्या पणजी (गोवा) येथल्या घरातल्या दोन्ही जोड्यांचे फोम मी स्वतः बदलले आहेत. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत आपोआप विघटित होतो. स्पीकर वाजवले नाहीत तरी दहा-वीस वर्षांत त्याचा भुगा होतो, त्यामुळे तो वापर जास्त झाल्याचा पुरावा मानू नये. रबराची कड असलेले स्पीकर याहून पुष्कळ टिकतात आणि जुन्या घडीच्या कापडी कडा तर क्वचितच खराब होतात. तुमच्या स्पीकरांना फोमची कड आहे, हाच त्यांचा मोठा दोष, आणि तो निवारता येतो.

आधी तपासणी करावी. दोन्ही हातांची बोटे कोनावर समोरासमोर ठेवून तो अगदी सरळ आणि हलकेच आत दाबावा. आतून खरवडल्यासारखा आवाज आला तर व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासत आहे. तसा स्पीकर नुसत्या फोमने सुधारत नाही, त्याचा कोनच बदलावा लागतो. मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजावा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा ओहम दाखवतो, त्यामुळे आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नये. काहीच दाखवले नाही तर मात्र कॉइल तुटलेली आहे.

रिंग मागवताना ‘आठ इंची’ एवढे सांगून चालत नाही. चौकटीचा आतला व्यास, फोमच्या फुगवट्याची रुंदी आणि कोनाचा बाहेरचा व्यास अशी तिन्ही मापे मिलिमीटरमध्ये घ्यावीत. जुना फोम आणि त्याखालचा चिकट तपकिरी डिंक काढणे हेच सर्वांत वेळखाऊ काम आहे. धातूच्या चौकटीवर बोथट सुरी चालते, पण कागदी कोनाच्या कडेला मी फक्त बोटाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने डिंक मऊ करून गोळ्या गोळ्या करून काढला, कारण तेथे कागदाचा एक पापुद्रा निघाला तरी कड दुबळी होते. आधी रिंग कोनाला चिकटवावी आणि ती पूर्ण वाळू द्यावी. नंतर ती चौकटीला चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्यावर राहणे आवश्यक असते. त्यासाठी मधली टोपी कापून कॉइलभोवती पातळ फिल्मच्या पट्ट्या घालतात. किंवा टोपी तशीच ठेवून स्पीकरला अगदी हळू ३० हर्ट्झच्या आसपासचा सूर देतात आणि घासण्याचा आवाज पूर्ण थांबेल अशा जागी कड दाबून धरतात. मी दुसरी रीत वापरली. डिंक पांढरा, पाण्यात मिसळणारा आणि वाळल्यावर लवचीक राहणारा घ्यावा. झटपट चिकटणारा डिंक घेतला तर चूक सुधारायला अवधी मिळत नाही.

पेटीच्या आतल्या क्रॉसओव्हरमध्येही (खर्ज आणि बारीक सूर वेगवेगळ्या स्पीकरांकडे वाटणाऱ्या भागातही) लहान इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असतात. पेटी उघडलेलीच आहे तर तेही बदलून घ्यावेत. मात्र ते ध्रुवरहित (अधिक-उणे टोकांचा भेद नसलेल्या) जातीचेच असले पाहिजेत, हे दुकानात आवर्जून सांगा.

फीत

धागाकर्त्यांनी सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी लिहिली आहे. अँप्लिफायर आणि स्पीकर यांचा निर्णय सावकाश घेता येईल. तुमच्या कॅसेटींना मात्र तेवढा वेळ नाही. माझ्या मते या संचात पैसे घालण्याची पहिली जागा डेक ही आहे, भले तो नंतर कायमचा बंद ठेवावा लागला तरी. आज बाजारात मिळणारे कॅसेटवरून थेट यूएसबीवर उतरवणारे स्वस्त प्लेअर या कामासाठी घेऊ नका. त्यांची गती स्थिर नसते आणि त्यांच्यात सूर हेलकावे खातो. नवे डेक निघतात, पण त्यांतली यंत्रणा बहुधा साधी असते आणि जुन्या डेकांतली मूळ डॉल्बीची (टेपची सळसळ कमी करण्याची) सोय सहसा नसते. चांगला जुना डेक दुरुस्त करणे हाच येथे सरस उपाय आहे.

मोटर फिरते आणि चक्रे फिरत नाहीत, म्हणजे पट्टे गेले आहेत. मागची बाजू उघडल्यावर बहुधा असे दिसेल, की रबर वितळून डांबरासारखा काळा लगदा झाला आहे आणि तो मोटरच्या पुलीला व जड चाकाला लिंपला गेला आहे. तो आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी कणाकणाने काढावा लागतो, कारण पुलीवर थोडा जरी राहिला तरी नवा पट्टा उड्या मारतो. हात आणि कपडे सांभाळा. तो डाग जात नाही. नव्या पट्ट्याचे माप काढताना दोरा पुलींच्या मार्गाने गुंडाळून लांबी घ्यावी आणि पट्टा त्याहून थोडा लहान निवडावा, म्हणजे योग्य ताण मिळतो. टेप ओढणारे रबरी चाक कडक आणि चकचकीत झाले असेल तर तेही बदलावे, नाहीतर टेप आत गुंडाळली जाण्याची भीती असते. पहिली चाचणी कोणत्याही परिस्थितीत आजोबांच्या कॅसेटने करू नका. बाजारातली, फुटली तरी चालेल अशी कॅसेट घाला.

जुन्या कॅसेटींची तयारीही करावी लागते. टेपला हेडवर (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर) दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा अनेकदा गळून पडलेला असतो. तो गेला की आवाज बसका येतो. कवच स्क्रूचे असेल तर उघडून टेप दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येते. वाजवण्यापूर्वी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी. नंतर हेडचा कोन जुळवावा, कारण तुमच्या वडिलांनी ज्या यंत्रावर मुद्रण केले त्याचा कोन आणि या डेकचा कोन एकच असेल असे नाही. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला बारीक स्क्रू असतो. टेप वाजत असताना तो अगदी थोडा थोडा फिरवत गेले, की एका जागी टाळांचा नाद आणि ‘स’, ‘श’ यांसारखी अक्षरे एकदम स्वच्छ होतात. तेथे थांबावे. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागेल.

कॅसेटीची ठरलेली गती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे. देवळातल्या मुद्रणात पेटी (हार्मोनियम) असेल, तर ते तुमचे भाग्य. पेटी कोणत्या पट्टीची होती हे घरात कोणाला आठवत असेल, तर संगणकावर उतरवल्यानंतर गती त्या पट्टीनुसार दुरुस्त करता येते. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) ठेवावी. ६० मिनिटांच्या कॅसेटला सुमारे १ जीबी जागा लागते. खरखर काढण्याचे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाइलला हात लावू नये. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

परदेशी_पुणेकर

बदली वस्तू म्हणून परदेशातल्या नातेवाइकांकडून जुने यंत्र आणण्याचा विचार बरेच जण करतात, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. मी न्यू जर्सीत राहतो आणि येथे वापरलेले टर्नटेबल सहज मिळतात. येथील वीज १२० व्होल्टची असल्याने भारतात ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु येथे वारंवारता ६० हर्ट्झ आहे आणि ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. ज्या टर्नटेबलची मोटर थेट विजेच्या लहरीवर चालते, ते आपल्याकडे ५० हर्ट्झवर मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे घेईल. काळी पाचमध्ये गायलेले गाणे त्यावर जवळपास पांढरी पाचमध्ये ऐकू येईल, लयही तेवढीच मंदावेल. डीसी मोटर किंवा क्वार्ट्झ नियंत्रण असलेल्या यंत्रांना ही अडचण नाही. दुबई किंवा मस्कतहून आणलेल्या यंत्रांना सहसा दोन्ही अडचणी येत नाहीत, कारण तेथील वारंवारता ५० हर्ट्झच आहे आणि व्होल्टेजही आपल्या जवळपासचे आहे.

जुनी_तबकडी

रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करावा, यात मला शंका नाही. सूर उतरणे आणि लहरणे ही सैल पट्ट्याची आणि मधल्या दांड्याचे तेल वाळल्याची लक्षणे आहेत. नवा पट्टा आणि शिवणयंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब एवढ्याने बहुधा भागेल. गती तपासण्यासाठी स्ट्रोब चकती कागदावर छापून घ्या. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात आणि गती बरोबर असेल तर विजेच्या दिव्याखाली त्या स्थिर दिसतात. बल्ब तारेचा किंवा निऑनचा हवा, कारण बऱ्याच एलईडी दिव्यांच्या उजेडात रेघा नीट उमटत नाहीत.

सुई मात्र डोळे झाकून बदला. हिऱ्याची सुई साधारण पाचशे ते हजार तास टिकते, नीलमण्याची त्याच्या काही अंशच. झिजलेली सुई तबकडीच्या खाचा कायमच्या खरवडते आणि ते नुकसान कोणताही कारागीर भरून काढू शकत नाही. संग्रहात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. लाँगप्लेच्या बारीक सुईने त्या वाजवल्या तर ती खाचेच्या तळाशी भटकते आणि फक्त खरखर ऐकू येते. सुटकेसच्या आकाराचे जे स्वस्त नवे प्लेअर मिळतात, ते या जुन्या प्लेअरला पर्याय म्हणून घेऊ नयेत. त्यांतील बहुतेकांचा सुई धरणारा हात जड असतो.

सीडी प्लेअरविषयी थोडक्यात लिहितो. लेन्स कोरड्या मऊ कापसाने हलकेच पुसून पाहा. सुधारला तर उत्तम. नाही सुधारला, तर लेझर पिकअप थकला आहे. त्याचा क्रमांक सोनीच्या केएसएस मालिकेसारखा प्रचलित असेल तर बदली पिकअप मिळतो, पण नकलांचा दर्जा बेभरवशाचा आहे. सीडीतले संगीत संगणकात जसेच्या तसे उतरवता येते, म्हणून या एका वस्तूसाठी धावपळ करणे मला योग्य वाटत नाही.

तांब्याची_तार

सुट्या भागांच्या खरेदीबद्दल राहिले होते. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली येथे यांतले बहुतेक भाग मिळतात. कॅपॅसिटर जुन्या साठ्यातला घेऊ नका. न वापरताही तो म्हातारा होतो. मायक्रोफॅरडचा आकडा मूळ आकड्याच्या जवळपास, व्होल्टेज मूळ इतके किंवा थोडे जास्त आणि तापमान १०५ अंश असा घ्यावा. २एन३०५५ च्या नावाने नकली माल फार येतो. वरची छपाई ठसठशीत असते, पण आतला सिलिकॉनचा तुकडा चिमुकला असतो आणि जोर पडताच तो जळतो. ज्यांच्या संचात सान्योचे एसटीके जातीचे (शेवटचा टप्पा एकाच तुकड्यात असलेले) मॉड्यूल आहे त्यांनी अधिक जपावे. मूळ उत्पादन बंद झाले आहे आणि नकलांचा सुळसुळाट आहे, त्यामुळे मॉड्यूल गेलेला संच बदलण्याकडेच माझा कल राहील.

कारागिरांना काम देताना काढलेले भाग परत मागावेत आणि कोणता भाग कोठे बदलला हे कागदावर लिहून घ्यावे. पुढच्या वेळी दुसऱ्या माणसाला तो कागद फार उपयोगी पडतो. जो कारागीर मीटर न लावता ‘सगळे ट्रान्झिस्टर बदलू’ म्हणतो, त्याच्याकडून वस्तू परत आणावी.

किनारा (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दरम्यान अँप्लिफायर कारागिरांच्या टेबलावर उघडला गेला. सिरीजच्या बल्बवर तो शांतपणे सुरू झाला. दोन मुख्य कॅपॅसिटरांपैकी एकाची वरची बाजू फुगलेली होती आणि दुसऱ्याच्या बुडाशी तपकिरी ओल होती. दोन्ही बदलल्यावर घुमणारा आवाज गेला. सिलेक्टर स्वच्छ केल्यावर डावी बाजूही परतली. टर्मिनलवरचे डीसी व्होल्टेज दोन्हीकडे नगण्य निघाले. मूळचे चारही ट्रान्झिस्टर शाबूत आहेत. मुख्य वायर अर्थिंगसह नवी घातली.

‘सुटसुटीत’ यांचा मुद्दाही मी सोडलेला नाही. घरच्या तरुण मंडळींसाठी अँप्लिफायरच्या ऑक्स (इतर यंत्रांसाठीच्या जादा) सॉकेटला ब्लूटूथ रिसीव्हर जोडणार आहे, म्हणजे फोनवरची गाणीही याच स्पीकरांवर वाजतील. फोमच्या रिंगा मांडवीकाठ ताईंनी सांगितलेली तिन्ही मापे देऊन मागवल्या आहेत. डेकचे पट्टे बदलून झाले की देवळातल्या कॅसेटी सर्वप्रथम उतरवणार. सीडी प्लेअरची लेन्स पुसून फरक पडला नाही, म्हणून तो भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवणार आहे.

आता एकच शंका उरली आहे. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजवर (सुई बसवलेल्या भागावर) ‘सिरॅमिक’ असे लिहिलेले आहे. अँप्लिफायरला मागे फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीचे) आणि ऑक्स असे दोन्ही सॉकेट आहेत. कोणता वापरावा?

जुनी_तबकडी

अँप्लिफायरच्या माहितीपुस्तिकेत किंवा सर्किटच्या नकाशात फोनोचा प्रकार पाहा. तो चुंबकीय कार्ट्रिजसाठी असेल तर सिरॅमिक कार्ट्रिज तेथे जोडू नये. चुंबकीय कार्ट्रिज जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते आणि सिरॅमिक काहीशे मिलिव्होल्ट, त्यामुळे आवाज फाटेल. ऑक्सला जोडता येईल, पण सिरॅमिकला साधारण एक मेगओहमचा भार लागतो. ऑक्सचा भार त्याहून बराच कमी असेल तर खर्ज नाहीसा होतो. तसे झाले तर कारागिरांकडून मध्ये एफईटीचा (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरचा) एक छोटा बफर, म्हणजे भार न टाकता सिग्नल पुढे पाठवणारे सर्किट, बसवून घ्या. तो एका ट्रान्झिस्टरचा असतो आणि रेकॉर्ड प्लेअरच्या पेटीतच मावतो.